साल 1755: लेकरांना घेऊन पाणचक्कीवर

तांबडं फुटायच्या आधीच तुम्हाला जाग येते ती जात्याच्या घरघरीनं. साल आहे 1755. कार्तिकातला गुरुवार. गाव औरंगाबाद, निजामाच्या राज्याची राजधानी. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतलं हे मातीचं घर आज तुमचं आहे.

पडवीत आजी दळतेय. खुंटा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, मूठ मूठ ज्वारी जात्याच्या तोंडात पडते. दीड वर्षांची धाकटी तिच्या मांडीवर डोकं टेकून गाढ झोपलीय. तिला ही घरघर थांबली की जाग येते. सहा वर्षांचा थोरला मात्र कधीचा उठून बसलाय. आज बाहेर जायचं कबूल केलंय ना! "आज्जी, आटप ना," म्हणून त्यानं तिच्या मागं लकडा लावलाय.

दूध घालून भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, लसणाचा ठेचा, गुळाचा खडा आणि धाकटीसाठी लाह्या तुम्ही फडक्यात बांधून घेता. लहान लेकरांना घेऊन निघायचं तर खाण्याची तयारी आधी हवी, हे 1755 मध्येही तितकंच खरं आहे.

चौकातल्या हौदावर बायांची गर्दी आहे. इथं पोहरा नाही, रहाट नाही. घागर बुडवली की भरते. "हे पाणी येतं कुठून?" थोरला विचारतो. तुम्ही उत्तरेकडच्या डोंगराकडं बोट दाखवता. तिथलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उतारानं इथवर येतं. ती नहर मलिक अंबरनं बांधवली. तो मूळचा हबशी मुलखातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. हा पोरगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडं जात दख्खनला पोचला आणि पुढं अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. 1610 साली त्यानं खडकी वसवली, आणि तेच हे शहर. आईबापांपासून तुटलेल्या त्या पोरानं मोठेपणी सगळ्या गावाच्या लेकरांसाठी पाणी आणलं. थोरला हौदात घातलेला हात बराच वेळ बाहेर काढत नाही. काढू नका तुम्हीही. घाई कसली?

भडकल दरवाजाखालून जाताना तो मोठ्यानं आरोळी ठोकतो. कमानीतून ती परत ऐकू आली की पुन्हा ठोकतो. हा दरवाजाही अंबरचाच, मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. विजयाची तारीख सहा वर्षांच्या पोराला सांगून उपयोग नाही. आवाज घुमतो, हे त्याला पुरेसं आहे.

पुढं धाकटी कडेवरून उतरायचा हट्ट धरते. उतरवली की चार पावलं चालते आणि रस्त्यात बसून खडे वेचू लागते. एक मालवाहू उंटांची रांग शेजारून जाते, तेव्हा ती तोंड उघडं टाकून बघत राहते. अर्ध्या घटकेच्या वाटेला तुम्हाला दोन घटका लागतात.

आता खाम नदीचा काठ, मोठा वड, आणि पाण्याचा आवाज. हा बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा. मध्य आशियातून आलेले हे सूफी संत या शहरात राहिले आणि इथंच विसावले. समोर लांबरुंद हौद आहे. त्याच्या एका कडेच्या उंच भिंतीवरून पाणी धो धो कोसळतंय. थोरला धावत सुटतो, आजी त्याच्यामागं, आणि तुम्ही धाकटीला सावरत दोघांच्या मागं.

"पाणी वर कसं चढलं?" चांगला प्रश्न आहे, त्याला नीट उत्तर द्या. कित्येक मैलांवरच्या डोंगरातला झरा या भिंतीपेक्षाही उंचावर आहे. तिथून मातीच्या पक्क्या भाजलेल्या नळांतून पाणी जमिनीखालून येतं. बंद नळातलं पाणी खाली उतरलं तरी उगमाच्या उंचीकडं पुन्हा चढू पाहतं. त्या जोरावरच ते भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचतं. वाटेत विटाचुन्याचे खांब उभारलेत, ते पाण्याचा दाब सांभाळतात आणि नळात अडकलेल्या हवेला वाट देतात.

मग सगळ्यांना घेऊन चक्कीच्या खोलीत शिरा. खाली पात्यांचं चाक आहे. पडणाऱ्या पाण्याचा जोर पात्यांवर बसला की चाक फिरतं, चाकाबरोबर उभा दांडा, आणि दांड्याबरोबर वरचं दगडी जातं. माणूस नाही, बैल नाही. दर्ग्यात उतरलेल्या फकिरांना, शिकणाऱ्या मुलांना आणि वाटसरूंना पोटभर मिळावं म्हणून हे पीठ रात्रंदिवस पडतंय.

थोरला जात्याभोवती फिरून ओढणारा कोण लपलाय ते शोधतो. आजी मात्र जागची हलत नाही. न्हाण आलं तेव्हापासून तिनं रोज पहाटे जातं ओढलंय. तळहाताला घट्टे पडलेत. ती पिठाची चिमूट उचलते, बोटांत चोळते आणि म्हणते, "बारीक पडतंय." एवढी मोठी दाद तिच्याकडून सहसा कुणाला मिळत नाही.

दुपारी हौदाखालच्या दालनात बसा. या दालनाचं छत म्हणजेच वरच्या हौदाचा तळ. डोक्यावर एवढं पाणी असल्यानं भर उन्हातही इथं गारवा असतो. दशम्या संपतात, धाकटी लाह्या सांडते, मुंग्या येतात. थोरल्याला मुंग्यांची रांग पाण्याच्या भिंतीइतकीच नवलाची वाटते.

निघताना नदीपलीकडं, बेगमपुऱ्याच्या बाजूला, पांढरा घुमट दिसतो. बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू 1657 मध्ये बाळंतपणानंतर महिन्याभरातच वारली. तिचा मुलगा आझम तेव्हा चार वर्षांचा होता. तिच्या या मकबऱ्याच्या दारावर अताउल्ला आणि हंसपतराय या दोन कारागिरांची नावं आहेत. त्यासाठीच्या संगमरवरानं लादलेल्या तीनशेच्या आसपास गाड्या वाटेत पाहिल्याचं फ्रेंच प्रवासी ताव्हर्नियेनं लिहून ठेवलंय. त्यातल्या लहानात लहान गाडीला बारा बैल होते. थोरला लगेच बोटं मोजायला लागतो आणि बोटं संपतात. बादशाहीचं वैभव त्याला उद्या आठवणार नाही. चार वर्षांच्या मुलाची आई गेली होती, हे आठवेल. वाटेत तो आजीचा पदर धरून चालतो.

आता परत या, आपल्या काळात. आठच वर्षांनी, 1763 मध्ये, निजामानं राजधानी हैदराबादला नेली. दरबार गेला, सरदार गेले. नहरींचं पाणी मात्र त्यांच्या मागं गेलं नाही. ते पुढच्या कित्येक पिढ्यांनी प्यालं. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, पाणचक्की आजही उभी आहे, तो वडही आणि ते दालनही. पण नहरींवर घरं चढली, रस्ते आले, नळ फुटले, खांब ढासळले. ज्या शहरात एकेकाळी घागर नुसती बुडवली की भरायची, तिथली लेकरं आज नळाला पाणी कधी येणार याची आठवडा आठवडा वाट बघत मोठी होताहेत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून आईबापांना विनंती आहे. या सुट्टीत पोरांना पाणचक्कीवर न्या. फोटो काढून निघू नका. पाणी वर कसं चढतं आणि जातं कोण फिरवतं, हे त्यांना शोधू द्या. पीठ दळणारी आजी किंवा पणजी घरात असेल, तर तिलाही सोबत घ्या. आणि आपल्या गल्लीखालून नहर जात असेल तर तिच्यात कचरा, सांडपाणी जाऊ देऊ नका. तिच्या दुरुस्तीसाठी महापालिकेकडं आग्रह धरा. चारशे वर्षांपूर्वी हे शहर वसवणाऱ्यांनी पाण्याची सोय आधी पाहिली होती. तेवढी अक्कल आपणही दाखवायला हवी.