लोकशाहीची रंगीत तालीम

माउलींची पालखी लोणंदला मुक्कामास येते, तेव्हा पोरे पाटावर तांब्या ठेवून पालखी-पालखी खेळू लागली, तर आपण त्यांना हटकीत नाही. वारी अंगात मुरते ती अशा खेळातूनच. मग शाळेत मुलांनी लुटुपुटूचे मतदान मांडले, तर ‘पोरखेळ’ म्हणून नाक का मुरडावे?

लोणंदहून मिरजेकडे जाणारी गाडी रहिमतपूरवरून जाते. तेथून पूर्वेस औंध. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. घटनेला गांधीजींचा सल्ला होता. आग्रह धरणारे राजपुत्र अप्पासाहेब तिशीच्याही आतले. गावोगाव पंचायती निवडून आल्या. कालपर्यंत दरबारापुढे हात जोडणारे शेतकरी पंच झाले आणि चुकतमाकत कारभार शिकले. १९४८ साली संस्थान विलीन झाले. देशभर सार्वत्रिक निवडणूक झाली ती १९५१-५२ मध्ये. औंधची तालीम त्याआधी बारा वर्षे सुरू झाली होती!

१९८९ पासून अठराव्या वर्षी मत मिळते. पण त्या दिवशी शहाणपण मिळत नाही. ते शाळेतल्या मतपेटीपाशी मिळवावे: शेजाऱ्याची चिठ्ठी पाहू नये, जिवलग मित्रही नालायक असेल तर त्याला मत देऊ नये, आणि हरल्यावर जिंकलेल्याला आपला वर्गप्रमुख मानावे. हे शेवटचे थोरांनाही पुरते साधलेले नाही.

तेव्हा फराळाच्या ताटावरच मतदान घ्या: आधी चकली की करंजी? आजोबा हरले तरी रुसायचे नाही, एवढीच अट!