न दिसता पाहणे

मराठीत 'मी पाहतो' आणि 'मला दिसते' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाहूनही न दिसणे हा आपणा सर्वांचा नित्याचा अनुभव. पण न दिसता पाहणे? हा प्रश्न आम्हांला शब्दच्छल वाटत असे. मेंदूविज्ञानाच्या इतिहासात मात्र तो अक्षरशः विचारला गेला आहे.

मध्यमेंदूच्या पाठीवर चार लहान उंचवटे असतात. वरची जोडी दृष्टीशी निगडित, खालची श्रवणाशी. जुने शरीररचनाकार लॅटिनमध्ये वरच्यांना 'नितंब' आणि खालच्यांना 'वृषण' म्हणत. पुढे त्यांचे नाव 'टेकड्या' असे सभ्य झाले. यांच्याच माथ्यावर पिनियल ग्रंथी असते. देकार्तने १६४९ साली आत्म्याचे मुख्य आसन मानले ते हेच. आत्म्याला लाभलेल्या या शेजाराविषयी आम्ही काही बोलत नाही. पाठीमागे भांडे पडले की विचार करण्याआधीच मान वळते. आवाजाची दिशा खालच्या टेकड्यांतून वर पोहोचते, आणि वरच्यांच्या खोल थरांत डोळ्याचा व कानाचा नकाशा एकमेकांवर बसतो.

१९६५ साली केंब्रिजमध्ये लॉरेन्स वाइसक्रांट्झ यांनी हेलन नावाच्या माकडिणीचा दृष्टीचा मेंदूपृष्ठभाग जवळजवळ सगळा काढून टाकला. ती आंधळी झाली असेच दिसत होते. निकोलस हम्फ्री या संशोधक विद्यार्थ्याने मात्र टेकड्यांतील पेशींच्या नोंदी स्वतः घेतल्या होत्या. तेथे दृष्टीचे काम चालू असणार, अशी त्याला शंका होती. तो पिंजऱ्यापाशी तासन्‌तास बसून हेलनशी खेळू लागला. तिने हात पुढे केला. काही वर्षांत ती अडथळे चुकवत खोलीभर फिरून जमिनीवरचे खाऊचे कण वेचू लागली. तिच्यावर केलेली शस्त्रक्रिया आम्हांला आजही अस्वस्थ करते. पण तिला आंधळी ठरवून सोडून न देणारा माणूस भेटला नसता, तर ही गोष्ट कळलीच नसती.

हेलनला विचारता येत नव्हते. लंडनच्या 'डी. बी.' या रुग्णाला येत होते. १९७३ च्या शस्त्रक्रियेनंतर त्याला डाव्या बाजूचे काहीच दिसेना. तरी तेथील प्रकाशबिंदूकडे बोट कर म्हटले की ते बहुधा अचूक जाई. १९७४ साली या क्षमतेला 'अंधदृष्टी' हे नाव मिळाले. तिचे सारे श्रेय मध्यमेंदूला देता येत नाही: २०१० साली माकडांवरील प्रयोगात थॅलॅमसमधील दृष्टिकेंद्र बंद करताच ती लोपली.

डी. बी. ला त्याचे गुण दाखवले, तेव्हा तो चकित झाला. 'मला दिसले' हे खोटे ठरले असते. 'मी पाहिले' म्हणायलाही तो राजी नव्हता. आपण नुसता अंदाज केला, एवढेच तो सांगत राहिला.