कर्करोग प्रतिकारशास्त्र प्रयोगशाळेतील संशोधन सहायक

कर्करोगावरील उपचार म्हटले, की शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी आठवतात. आता त्यांच्या जोडीला इम्युनोथेरपी आली आहे. शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाच्या पेशींविरुद्ध उभे करणे, हे तिचे सूत्र. टी-पेशींना आवर घालणारी यंत्रणा सैल करता येते, हे दाखविणाऱ्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून साकारलेल्या 'नेक्सकार-१९' या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. अशा संशोधनाचा दैनंदिन भार ज्यांच्या खांद्यावर असतो, ते म्हणजे संशोधन सहायक.

कामाचे स्वरूप

रुग्णालयातून रक्ताची नळी आली, की घड्याळाशी शर्यत सुरू होते. काही तासांतच पेशी वेगळ्या कराव्या लागतात. फिकॉल या दाट द्रावणावर रक्ताचा थर अलगद सोडून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली जाते. तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि मधल्या पातळ, धुरकट पट्ट्यात टी-पेशींसह हव्या त्या पांढऱ्या पेशी मिळतात. ट्रायपॅन ब्लू हा रंग मृत पेशींत शिरतो, जिवंत पेशींत शिरत नाही. त्यावरून सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशींची मोजदाद होते. काही पेशी ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये वाढवल्या जातात. उरलेल्या सावकाश गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत जपल्या जातात. पुढे फ्लो सायटोमीटरवर, चमकणारे रंग जोडलेल्या प्रतिपिंडांच्या साह्याने, कोणत्या पेशी किती आहेत हे तपासले जाते.

चुकीची किंमत

उपचारांपूर्वी घेतलेला नमुना पुन्हा मिळत नाही. औषध सुरू झाल्यावर त्याच रुग्णाचे रक्त पूर्वीसारखे राहत नाही. नळीवरील क्रमांक चुकला किंवा पेशी मेल्या, तर स्वतःला लाभ होण्याची खात्री नसतानाही रुग्णाने दिलेली संमती वाया जाते. संसर्गाचा धोकाही सदैव असतो. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू द्रावण गढूळ न करता पेशींत ठाण मांडतो. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन त्याच्यावर निष्प्रभ ठरते. नियमित चाचणी केली नाही, तर अनेक महिन्यांचे निष्कर्ष संशयास्पद ठरतात. म्हणून नोंदवहीत प्रत्येक कृती त्याच दिवशी, तारखेसह लिहिणे आवश्यक असते. अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा खोडण्याचा मोह टाळणे, ही या कामातील खरी कसोटी. प्रयोगशाळेतील चुकीच्या निष्कर्षावर आधारलेली चाचणी उद्या एखाद्या रुग्णावर होऊ शकते.

पात्रता आणि संधी

जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा प्राणिशास्त्रातील एम.एस्सी. ही साधारण अपेक्षा असते. नवी मुंबईत खारघर येथील 'अ‍ॅक्ट्रेक' हे टाटा मेमोरियल सेंटरचे संशोधन केंद्र या क्षेत्रातील प्रमुख ठिकाण आहे. पदे बहुधा प्रकल्पाशी बांधलेली, कंत्राटी असतात. प्रकल्प संपला, की नोकरीही संपते. नेट वा गेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यांना केंद्र सरकारच्या योजनांत जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये व घरभाडे भत्ता लागू झाला.

रुजू होताना कराराची मुदत विचारून घ्यावी. मानवी रक्त हाताळावे लागत असल्याने हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली असावी. शोधनिबंधात सहायकाच्या कामाची नोंद कशी होणार, हेही आरंभीच स्पष्ट करून घ्यावे. पुढे पीएच.डी.ला प्रवेश घेताना किंवा औषधनिर्मिती कंपनीत अर्ज करताना हीच नोंद उपयोगी पडते.