लाल महालाचा पहारा आणि गाडीचा रिमोट

कसबा पेठेतल्या लाल महालाची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज मोजक्या माणसांनिशी शाहिस्तेखानाच्या छावणीत शिरले. पहाऱ्यावर हटकलं, तेव्हा ‘आम्ही तुमच्याच फौजेतले’ असं उत्तर दिलं, अशी हकिकत सांगतात. उत्तर पटलं, वाट मिळाली. खानाची बोटं गेली.

आपल्या गाडीचं दारही असंच नुसतं उत्तर तपासतं. रिमोटचं बटण दाबलं की एक सांकेतिक संदेश हवेतून जातो. सुरुवातीला तो दर वेळी तोच असायचा. कुणी टिपून पुन्हा सोडला की दार उघडलं! म्हणून दर वेळी बदलणारा कोड आला. त्यातला गाजलेला ‘कीलॉक’ १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाला. १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने तो विकत घेतला. रचना गुप्त होती. ती बाहेर फुटली आणि २००७ मध्ये संशोधकांनी त्यातल्या गणिती फटी दाखवल्या. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या गटाने चिप किती वीज खाते ते मोजून थेट उत्पादकाची मूळ किल्लीच काढली. ती हाती आली की रिमोटचे दोन संदेश ऐकून त्याची नक्कल करता येते.

पुढे २०१६ मध्ये आणखी एक शोधनिबंध आला. आपल्या चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगन समूहाने १९९५ पासून जगभर विकलेल्या बहुतेक गाड्यांचे रिमोट अगदी मोजक्या समाईक किल्ल्यांवर चालत होते. म्हणजे अख्ख्या पेठेला चार-पाचच किल्ल्या!

त्याआधी, २०१३ मध्ये, इंजिन चालू होऊ न देणाऱ्या चिपमधला दोष सांगणारा निबंध याच कंपनीने लंडनच्या कोर्टातून थांबवला होता. तो २०१५ मध्ये छापला गेला. दोन वर्षं मालक अंधारात राहिले, दोष मात्र गाडीत तसाच होता.

कुलपाची रचना जगजाहीर झाली तरी ते टिकलं पाहिजे, फक्त किल्ली गुप्त हवी, हे ऑगस्ट कर्कहॉफ्सने १८८३ मध्येच लिहून ठेवलंय.

आपल्याकडे गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. पण दोन्ही किल्ल्या घरात असताना, काच न फुटताही गाडी जाऊ शकते. तेव्हा आधी मालकावर संशय घेऊ नका. आणि नवी गाडी घेताना मायलेजबरोबर एवढंही विचारा: रिमोटमध्ये दोष सापडला तर आम्हाला कोण कळवणार, आणि दुरुस्तीचा खर्च कुणाचा?