जाम झालेला बोल्ट आणि जुनी मोटार

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असल्याने येथील मोटारींना गंजाचे भय नाही, असा समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. मुंबईची खारी हवा पत्रा खाते. नागपुरात गंज धरतो तो मुख्यतः गाडीच्या पोटाखाली. पावसाळ्यात काळी चिकण माती सस्पेन्शनच्या सांध्यांत जाऊन बसते आणि पुढे कित्येक दिवस ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की तीच माती दगडासारखी कडक होते. १९८३ ते २०१४ या काळात निर्माण झालेली मारुती ८०० किंवा त्याहून जुनी प्रीमियर पद्मिनी जपणाऱ्यांना याची जाणीव होते ती बहुधा १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी. तपासणीपूर्वी ब्रेकचे किंवा सस्पेन्शनचे काम काढावे, तर पहिलाच बोल्ट हलत नाही.

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. नट आणि बोल्टाच्या आट्यांमधील केसाएवढी फट त्याने गच्च भरते. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर केल्यास आटे सुटण्याऐवजी बोल्टाची मान पिळवटून तुटते. दहा रुपयांच्या बोल्टापायी मग दिवसभराचे काम वाढते.

प्रथम वायर ब्रशने उघडे आटे स्वच्छ करावेत, कारण मातीच्या थरावर ओतलेले तेल मातीच पिते. नंतर गंज सोडवणारे पातळ तेल सोडून रात्रभर थांबावे. मधूनमधून बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिल्यास गंजाला तडे जातात व तेल आत उतरते. अनेक मिस्त्री डिझेल किंवा रॉकेल वापरतात. काम त्यानेही होते. मात्र ब्रेकच्या रबरी सीलना आणि लायनरना त्याचा स्पर्श होता कामा नये.

पाना सहा कोनांचाच घ्यावा. बारा कोनांचा किंवा सैल पाना डोके गोल करून टाकतो. बोल्ट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग सोडवावा. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि पुन्हा तेल. येथे एक सावधगिरी हवी. विलीज बनावटीच्या जुन्या जीपमध्ये डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. ते नट जाम झाले आहेत असे समजून उलट आवळणारे कमी नाहीत.

एवढ्याने न सुटल्यास उष्णता. पोलाद तापले की प्रसरण पावते. १२ मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापविल्यास सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठे होते, आणि गंजाची पकड मोडायला तेवढे पुष्कळ असते. म्हणून ज्वाला नटावर धरावी, बोल्टावर नव्हे. पेट्रोलची टाकी, इंधनाची नळी, गॅस किट किंवा रबरी बुश जवळ असेल तर ज्वाला पेटवूच नये. रॉकेल साधारण चाळीस अंशांच्या आसपास पेट घेण्याइतकी वाफ सोडते. मे महिन्यातील नागपुरी दुपार त्या पातळीला सहज पोहोचते. त्यामुळे रॉकेल किंवा डिझेल टाकलेला भाग पुसून कोरडा केल्यावाचून ज्वाला जवळ नेणे धोक्याचे आहे. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरणे हाही तितकाच मोठा धोका. आधारासाठी पक्के स्टँड हवेतच.

नट हट्टीच ठरला तर तो छिन्नीने फोडावा. नट स्वस्त आहे, त्यामागचा भाग नाही. डोके तुटून बोल्ट आतच राहिला तर त्याच्या टोकावर नवा नट वेल्ड करून फिरविणे हा कसबी फिटरचा मार्ग. ड्रिल करून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालणे वरकरणी सोपे दिसते, पण तो कठीण पोलादाचा असल्याने आत तुटल्यास साधे ड्रिल त्यावर चालत नाही.

नवा बोल्ट घेताना जुन्याच्या डोक्यावरील ८.८ सारखा अंक पाहून त्याच प्रतीचा घ्यावा. आट्यांना गंजरोधक ग्रीस लावावे, चाकांचे नट मात्र वगळावेत. ग्रीस लावलेला बोल्ट तितक्याच जोरात अधिक आवळला जातो, त्यामुळे टॉर्क पान्यावरील आकडा त्या मानाने कमी ठेवावा लागतो.