वसईच्या किल्ल्यांतील नक्षीकाम

वसईचा किल्ला म्हणजे केवळ तटबुरूज नव्हेत; तें एक ओसाड नगर आहे. १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली, १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती घेतली, आणि येथल्या कित्येक घंटा देशावरील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हें साल कोरलेलें आहे.

घंटा अशा रीतीनें वांचल्या. कोरीव दगडांकडे मात्र कोणी पाहिलें? जेझुइट मंदिराचें दर्शनी द्वार व त्याचे पन्हळीदार स्तंभ, फ्रान्सिस्कन मंदिराच्या जमिनींतील कुलचिन्हें कोरलेल्या कबरींच्या शिळा, संत जोसेफ मंदिराच्या १६०१ च्या जीर्णोद्धाराचा लेख, हें सर्व उघड्या पावसांत आहे. भिंतीच्या माथ्यावरील चुना गेला कीं पाणी आंत मुरतें. मागोमाग पिंपळ रुजतो. त्याचीं मुळें ओढून काढूं नयेत, दगडच निखळून येतो! झाड बुंध्याशीं कापून मुळें जागींच मारावीं व सांधे चुन्यानेंच भरावे. सिमेंट ओल कोंडून ठेवतें आणि नक्षीचा पापुद्रा सुटतो.

किल्ल्याचें रक्षण पुरातत्त्व खात्याकडे आहे. म्हणून आपलें काम संपलें असें आम्ही मानीत नाहीं. कबरींच्या शिळांवरील जीं अक्षरें अजून लागतात, तीं तरी येत्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या तरुणांनीं कागदावर उतरून घ्यावीं.