बेघरांची दंतसेवा, कोविडकाळातील (मुंबई)

पदपथावर, उड्डाणपुलाखाली किंवा रात्र निवाऱ्यात राहणाऱ्यांना 2020-21 च्या साथीत दातांचे उपचार मिळण्याची स्थिती. येथे गिरगाव ते दादर हा पट्टा विचारात घेतला आहे. 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 57 हजार बेघर नोंदले गेले. शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकष लावला तर मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षात ते फारच थोडे.

साथीपूर्वी या लोकांचा आधार म्हणजे मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय (स्थापना 1933) आणि सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय. केसपेपर स्वस्त, पण रांगेत दिवस मोडतो, रोजगार बुडतो आणि पदपथावरच्या बोचक्याकडे बघायला कोणी नसते. त्यामुळे गाल सुजेपर्यंत मिशरी, लवंग किंवा मेडिकलमधली गोळी यांवरच भागवले जाते. रूट कॅनालसाठी तीन-चार खेपा घालण्यापेक्षा दात उपटून मोकळे होणे परवडते.

25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागू झाली. एअरोटर (दात कोरण्याचे यंत्र) आणि स्केलर (दातांवरचा थर काढण्याचे यंत्र) यांच्या फवाऱ्यातून लाळेचे तुषार हवेत पसरतात, म्हणून दंतोपचार सर्वाधिक जोखमीचे ठरले. नायर आणि सेंट जॉर्जेस ही रुग्णालये कोविडसाठी राखीव झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मे 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रेड झोनमध्ये (जास्त संसर्गाच्या क्षेत्रात) फक्त तातडीचे उपचार करायचे होते, तेही शक्यतो आधी फोनवर चौकशी करून. मुंबई रेड झोनमध्येच होती. वैद्यकीयदृष्ट्या नियम चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र रुग्णाकडे चार्ज केलेला फोन असतो, हे त्यात गृहीत होते. लोकलही सर्वसामान्यांसाठी 1 फेब्रुवारी 2021 पर्यंत बंद होती.

परळला प्रश्न वेगळाच होता. टाटा स्मारक रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर बाहेरगावचे कर्करोगी आणि त्यांचे नातेवाईक महिनोन्‌महिने मुक्काम करतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी सर्वांना जागा मिळत नाही. गावी घर असलेली ही माणसे मुंबईपुरती बेघर असतात. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेले त्यांत पुष्कळ. जबड्याला किरणोपचार देण्याआधी दात तपासून किडके काढावे लागतात आणि जखम भरायला साधारण दोन ते तीन आठवडे द्यावे लागतात. नंतर दात काढल्यास किरणांनी रक्तपुरवठा घटलेले हाड भरून न येण्याचा, सडण्याचा धोका असतो. अशा रुग्णाचा दात ‘तातडीचा नाही’ म्हणून मागे ठेवला की मूळ उपचारच अडतो. पदपथावर मिठाच्या गुळण्या करायला स्वच्छ पाणी मिळवायचे तर सार्वजनिक शौचालयाचा नळ गाठावा लागतो, आणि किरणोपचारात लाळ आटल्यावर अशा गुळण्या दिवसातून अनेकदा कराव्या लागतात.

2021 च्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचे (म्यूकरमायकोसिस) रुग्ण वाढले. वरचे दात अचानक हलणे, हिरडीतून पू येणे, टाळू काळी पडणे ही तिची लक्षणे. त्यामुळे अनेकदा पहिला संशय दंतवैद्यालाच येतो. मधुमेह ताब्यात नसलेल्यांना धोका अधिक, आणि पदपथावर कित्येकांची साखर कधी तपासलेलीच नसते. शस्त्रक्रियेत वरचा जबडा काढावा लागला तर अन्न नाकात जाऊ नये म्हणून टाळूला कृत्रिम झाकण बसवतात. जखम आक्रसते तसे ते पुन्हा पुन्हा घासून बसते करावे लागते. म्हणजे पुन्हा केसपेपर, पुन्हा रांग आणि पुढची तारीख.